पांढऱ्या कपड्यांची अडचण

माझे वडील, आण्णा, गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला प्रयोगशाळेतली ती सकाळच आठवते, आणि हसू आधी येतं.

२००६ साल. मी विद्यापीठात पीएच.डी. करत होते. काचेच्या जातीचे नॅनोकण बनवायचे, डोळ्याला न दिसतील इतके बारीक, आणि त्यांच्या पोटात लाल चमकणारा रंग कोंडायचा. हे कण शरीरात आजाराच्या जागी जाऊन चिकटले की बाहेरून त्यांचा उजेड टिपायचा. कण जितका तेजस्वी, तितकी बारीक गाठही लवकर सापडणार. आण्णांनी गल्लीत याचं भाषांतर "आमची संघप्रिया पोटात लाईट लावनार हाय" असं केलं होतं. त्यामुळं शेजारच्या धोंडुबाई आपले गुडघे दाखवायला दोनदा येऊन गेल्या होत्या.

आण्णा म्हणजे बाबासो कांबळे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. एकदा जेवताना मला म्हणाले, "उजेड कमी पडतोय म्हनतीस, तर रंग जास्त कोंब की."

"कोंबला. तर उजेड आणखी कमी झाला. आत फार गर्दी झाली की रंगाचे रेणू एकमेकांचाच उजेड खातात."

आण्णांनी भाकरी ताटात ठेवली. "म्हंजे सीटा हाईत तेवडीच मानसं घ्यायची?"

"हो."

"आन् उभी?"

"उभी अजिबात नाहीत."

"मग आमच्या डेपोत ह्ये जमायचं न्हाई," ते म्हणाले आणि परत जेवायला लागले.

त्याच महिन्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. आण्णा म्हणाले, "त्याच्या आदी मला तुजा उजेड बघायचाय. डोळ्यानं बघतो, मग काय कापायचं ते कापू द्यात." मी माझ्या गाईड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, शनिवारी घेऊन ये वडिलांना.

शनिवारी वडील आले. बरोबर आई, धोंडुबाई आणि आकारामकाका. काका आण्णांच्या एसटीचे जुने ड्रायव्हर. आण्णा जातील तिकडं अजूनही जायचे. चौघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. विहारात जाताना आमच्यात पांढरं घालतात, आणि आण्णांच्या मते विद्यापीठ ही त्याच तोलाची जागा होती. आकारामकाका आमच्यातले नव्हते, पण आण्णांनी आपला जादा सदरा त्यांना चढवला होता. आईनं आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे उजळायची पावडर दुप्पट टाकून धुतले होते.

"आत सरका, आत सरका, दारात थांबू नगा," आण्णांनी अंधाऱ्या खोलीत सवयीनं सगळ्यांना भरलं. मी गॉगल वाटले, पडदा ओढला आणि अतिनील दिवा लावला.

"आगं माज्या आई!" धोंडुबाई किंचाळल्या.

चौघंही पेटले होते. सदरे, साड्या, आण्णांची टोपी, सगळं निळंशार. कपडे पांढरेफेक दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात, ते अशा दिव्याखाली स्वतःच चमकतं.

"बाबासो, मर्दा, ट्यूबलाईट झालास की!" आकारामकाका म्हणाले.

"आन् तुजं दात कुटं गेलं रं?" आण्णा म्हणाले. सगळ्यांचे दात चकाकत होते, आकारामकाकांच्या तोंडात मात्र काळोख होता.

"कवळी हाय ती! कवळीला उजेड न्हाय व्हय गं पोरी?"

"नसतो, काका."

"धोंडे, तुज्या पदराला रश्श्याचा डाग हाय," आई म्हणाली. "सकाळी न्हाई दिसला, आता दिसतोय."

आण्णांचा ऊर भरून आला होता. स्वतःच्या बाह्या पुन्हा पुन्हा बघत ते म्हणाले, "शाब्बास संघे! फस्क्लास काम हाय तुजं."

"आण्णा, हे माझं काम नाही. ही धुण्याची पावडर आहे. माझं हे." मी बाटली वर धरली. एवढ्या निळ्या उजेडात ती पातळ केलेल्या कोकमासारखी दिसत होती.

मग आकारामकाका समजुतीनं म्हणाले, "जरा मंद हाय. पन शिकतीया अजून."

"तर पावडरच द्यावी की पोटात," धोंडुबाई आईकडं वळून म्हणाल्या. "पारूबाई, कंच्या दुकानातली गं?"

मीही ओढूनताणून हसले. त्या निळ्या उजेडात आण्णांना माझा चेहरा दिसला असावा. ते एकदम म्हणाले, "चला, सगळी बाहीर. मी सांगंन तुमास्नी काय दिसलं ते."

"आन् आमी काय गॉगल घालून बाहीर बसायचं?"

"व्हय. बसा."

ते गेले, पण आण्णांचा सदरा राहिला. त्यांनी तो काढून बाहेर दिला. आतली बनियन तर त्याहून उजळ निघाली.

"आता गं?"

"ती पण काढा."

"संघे, विद्यापीठ हाय ह्ये."

बनियन गेली, टोपी गेली. पायजमा निघणार नाही, असं आण्णांनी ठामपणे सांगितलं. मग मी सूक्ष्मदर्शकावर घालायचं मोठं काळं कापड त्यांच्या गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. न्हाव्याकडं बसल्यासारखे ते स्टुलावर बसले.

मी पुन्हा दिवा लावला. या वेळी खोलीत काहीच पेटलं नाही. फक्त बाटली. लाल, शांत, काठोकाठ.

आण्णांनी मान पुढं काढली. मग म्हणाले, "गाडीच्या मागच्या दिव्यागत हाय."

"हो."

"आन् ह्ये माज्या गाठीला चिकटंल?"

"नाही आण्णा. अजून फक्त उंदरांवर चाललंय. माणसापर्यंत यायला पुष्कळ वर्षं लागतील."

"उंदरालाबी गाठ आसती?"

"असते."

"मग दिसली त्याची?"

"एकाची दिसली. गेल्या महिन्यात."

"मग असं सांग की! पयला प्याशिंजर चढला म्हनायचा." ते कापडातल्या कापडात हसले. मग घाईनं म्हणाले, "बंद कर आता. माज्या बघन्यात उगं संपून जाईल."

ती भीती खुळी नव्हती. नुसता रंग उजेडात ठेवला तर खरंच फिका पडत जातो. म्हणून तर तो काचेत कोंडायचा. माझी सगळी खटपट त्याचीच होती. मी त्यांना तसं सांगितलं.

"म्हंजे संपतच न्हाई?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "संपतो. पण बघून बघून संपायला फार वेळ लागतो."

"मग ऱ्हाऊ दे जरा."

बाहेरून आईनं दार वाजवलं. "आवो, तुमचा सदरा-बनियन हातात घिऊन बसलोय आमी, वॉचमन इचारतोय मानूस कुटाय म्हनून!"

काळ्या कापडातून एक हात बाहेर काढून आण्णांनी गॉगल नीट बसवला, आणि स्टुलासकट बाटलीच्या आणखी जवळ सरकले.