डाव्या पायाची झांज

खाली ड्रमवाला राहतो, तान्हं पोर घेऊन वरच्या मजल्यावर येऊ नकोस, नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही, असं घरमालकीण मिस अर्लीनने डेल्फीनला बजावलं होतं. डेल्फीनने ते कानाआड केलं. उत्तर फिलाडेल्फियात दोन्ही बाजूंनी ऊन येणारी जागा पुन्हा कुठून मिळणार? आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस बडवून बडवून किती बडवेल?

मिस्टर लूशस टार्पली रोज सकाळी दहा ते अकरा वाजवत. पहिला आठवडा डेल्फीन घड्याळाकडे बघत दातओठ खात बसली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की एझ्रा, तिचं चार महिन्यांचं बाळ, नेमका त्याच तासात गाढ झोपतो. ती मक्याचा ब्रेड घेऊन आभार मानायला खाली गेली.

"झोपतो?" ते म्हणाले. "माझं ऐकून लोक झोपायला लागले, म्हणजे संपलंच माझं."

निघताना त्यांनी तिच्या हातात एक जुनी तबकडी ठेवली. वेष्टनावर कोट घातलेले सहा जण चर्चच्या पायऱ्यांवर उभे. वर ठळक अक्षरांत, 'लूशस टार्पली आणि मंडळी'. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवल्यावर, चाळिशीत, पहिल्यांदा त्यांचं नाव असं वर आलं होतं.

"यातले पाच गेले," ते म्हणाले. "सहावा तुझ्या पोराचं रडणं ऐकतोय."

डेल्फीनने कॉलेजात रसायनशास्त्र केलेलं, संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कान लावून बसायची सवय बाळाने लावली होती. झोपेतला त्याचा श्वास मोजत ती तासन्‌तास बसे. तशीच ती या तबकडीपुढे बसली. आधी तिला कोड्यात पडल्यासारखं झालं. ज्याचं नाव सगळ्यात मोठं, तो माणूस पहिल्या बाजूभर एकदाही पुढे येत नाही. सॅक्सोफोन बोलायला लागला की तो आवाज खाली घेतो, पियानो अडखळतोय असं वाटलं की मागून हलकेच टेकू देतो. तिसऱ्या तुकड्यात ट्रम्पेटवाला चार मात्रा आधीच घुसतो. हे तिला अकराव्यांदा ऐकताना कळलं, कारण त्याच क्षणी मोठ्या झांजेवर एकच टोला पडतो, जणू त्याच्यासाठी दार उघडलं, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागोमाग आत येतात. ऐकणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरलं होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी डाव्या पायाने मिटणारी झांजांची जोडी. चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, चिक्, चिक्. चाळीस मिनिटांत एकदाही ती चुकत नाही.

"त्या ट्रम्पेटवाल्याचं काय झालं होतं?" तिने एकदा विचारलं.

मिस्टर लूशसनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "चव्वेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्याला सकाळी मुलगी झालेली, पोरी. डोकं दवाखान्यात, ओठ आमच्याकडे. त्याला एकट्याला कसं चुकू द्यायचं?"

मार्चमधल्या एका मंगळवारी डेल्फीन एझ्राचे कपडे घडी करत होती. खाली वादन सुरू होतं, पण तिचा हात थांबला. उजवा हात ठीक होता. काड्या स्वच्छ पडत होत्या. चिक् मात्र उशिरा येत होतं. मग ते आलंच नाही.

बाळाला कडेवर घेऊन ती खाली धावली.

"डावा पाय वाजत नाहीये तुमचा."

"कॉलेजात आता ड्रम शिकवतात वाटतं?"

"चेष्टा नको, मिस्टर लूशस."

"वाजतोय गं. तुझे कान तुंबलेत. तू जा, तुझ्या दुधाच्या बाटल्या उकळ."

वाद घालून हा माणूस ऐकणार नव्हता. तिने त्यांच्या कपाटातून त्याच तबकडीची दुसरी प्रत काढून लावली. "मग यांच्याबरोबर वाजवा."

ते गालात हसले आणि वाजवू लागले. चाळिशीतले लूशस आणि चौऱ्याऐंशीचे लूशस सोबत निघाले. तबकडीतून चिक् येत होतं, समोरून नाही. आठ-दहा वेळा असं झाल्यावर म्हाताऱ्याने मान खाली घालून पायाकडे पाहिलं. पाय खुंटीवरल्या कोटासारखा लोंबत होता.

"मला वाटत होतं, तो चाललाय," ते हळूच म्हणाले.

तोवर डेल्फीनने रुग्णवाहिकेला फोन लावला होता.

मेंदूत गुठळी होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाल्या. पाच आठवड्यांनी मिस्टर लूशस काठी टेकत घरी आले. आता दहा ते अकरा ते एकट्या डाव्या पायाला शिकवतात. दुसरी मात्रा सापडते, चौथी कधी सापडते, कधी निसटते. सापडली की डेल्फीन वरून जमिनीवर टाच आपटते, आणि खालून ओरडा येतो, "ऐकलं, ऐकलं. पोराला उठवू नकोस."

या गुरुवारी तिला बहिणीच्या लग्नाला जॉर्जियाला जायचंय, आठ दिवसांसाठी. मिस अर्लीनला कमी ऐकू येतं. म्हणून डेल्फीनचं तुम्हाला एक सांगणं आहे. त्या बाजूला गेलात, तर मिस्टर लूशसच्या निळ्या दाराची बेल वाजवा. आतून 'मी मजेत आहे' असं ऐकू येईल, त्यावर परत फिरू नका. त्यांना दारापर्यंत चालत यायला लावा, आणि डावा पाय बघा.