सालिमाचा खजूर

इकडे.

जेसीबीने बांधाचं टोक खाल्लं तेव्हा सुरय्या खजुराच्या बुंध्याशी गुडघ्यांवर बसली होती. ओलं गोणपाट तिने उचललं. खाली काही नव्हतं.

बुंध्यातून फुटलेली तीन पिल्लं होती. आज ती काढून न्यायची होती. आता फक्त तीन पांढरे, सपाट काप.

"गंगाभाऊ!"

गंगाधर द्राक्षांतून आला. बाग तिची, राबणारा तो. कात्री कमरेला.

"फुटवे ना? काढले की मी. लय माजले होते. सगळं त्येच खात्यात."

"कुठे टाकले?"

"शेळ्यांना."

तिकडे.

सुरय्याचा धाकटा भाऊ नजीर वाळवंटातल्या एका मरूद्यानात खजुरांवर चढतो. तो गेला तेव्हा त्या मळ्यात झाडागणिक चव बदलायची. एक कच्चाच कुरकुरीत खायचा. एक प्रवासाचा, वर्षभर न नासणारा. एक बाळंतिणीचा. एक इतका तुरट की उंटांनाच. आणि एक मालकाच्या आजीने, सालिमाने जपलेला: पिवळाधमक, पिकताना बडीशेपेचा वास.

बी पेरून आईसारखं झाड येत नाही. बुंध्याचं पिल्लूच लावावं लागतं. बाजाराने एकच जात मागितली, तेव्हा मालकाने उरलेली तोडत आणली. सालिमाचं तिथलं शेवटचं झाड या उन्हाळ्यात गेलं.

पण नजीरने एक पिल्लू फार पूर्वी घरी आणलं होतं. पिंपळगावला, या बांधावर.

बांध आता रस्त्यात जातोय.

इकडे.

"ताई, बाजूला व्हा," जेसीबीवरून चंदर ओरडला. "दुपारी डंपर येतील. पट्टी मोकळी पायजे."

"मला काय म्हाईत?" गंगाधर म्हणत होता. "वेलीचे फुटवे ठेवले तर तुम्हीच शिव्या घालता!"

खरं होतं. घालायची.

तिने नजीरला व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा खाली धरला.

तिकडे.

नजीरने काप बघितले. पंप बंद केला.

"आपा, पाडू देऊ नकोस. उचलायचं. मुळांच्या गड्ड्यासकट. इथे उचलतात."

इकडे.

"उचलायचं?" चंदर हसला. "झाडाची वरात काढू काय?"

"नुसतं पाडताच येतं का तुला?"

चंदरने गुटखा थुंकला. "येतं सगळं."

तो गोल खणू लागला. गंगाधर शिडी लावून चढला, झावळ्या सुतळीने आवळून बांधल्या. बुंध्याला गोणपाट, गोणपाटावर पट्टा, पट्ट्याचं टोक जेसीबीच्या हाताला. झाड सुटलं, लोंबलं, कललं.

"गाभा सांभाळा!" फोनमधून नजीर. "खजुराला शेंड्यात एकच गाभा असतो. तो मोडला की—"

पट्टा सरकला. गंगाधरने खांदा खाली घातला. वर कुठेतरी काड् झालं.

काय मोडलं ते कुणालाच दिसलं नाही.

"थांबवू?" चंदर.

"चल," सुरय्या म्हणाली.

खड्डा? खड्डा कुणी खणलाच नव्हता. गंगाधर बागेच्या कडेला गेला आणि त्याने स्वतः वाढवलेल्या चार वेली मुळासकट उपटल्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्या जागी चंदरने खणलं आणि झाड उभं केलं.

तिकडे.

"सुरळी ओढून बघितलीस?"

इकडे.

"नाही."

पंधरा दिवसांत बाहेरच्या झावळ्या वाळल्या. मग त्यांच्या आतल्या. मधली, न उघडलेल्या झावळीची सुरळी तेवढी हिरवी, पण मेलेलीसुद्धा महिनाभर हिरवी दिसते, असं नजीरनेच सांगितलेलं. गाभा गेला असेल तर ती ओढताच हातात येते, मुळाशी कुजका वास घेऊन.

"मी ओढू का?" गंगाधरने विचारलं.

"आधी ती कात्री घरी ठेवून या."

तो खरंच ठेवून आला. शिडी धरून उभा राहिला.

तिकडे.

"आपा, कळायला तर हवं ना. नसेल तर नसेल."

इकडे.

ती चढली. फोन गंगाधरच्या हातात. सुरळीला तिने दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले, ओढली.

तिकडे.

"जोरात. आली?"

इकडे.

पुन्हा ओढली. शिडी हलली.

"ताई?" गंगाधर.

तिकडे.

"आपा? बोल ना!"

इकडे.

"येत नाही. हात कापला, नजीर. अजून ओढू?"

तिकडे.

"नको. नको, आपा. सोड."