भोंग्याची शेपटी

माझ्या बाबांना लष्कराने शौर्यपदक दिलं. बाबा लष्करात नव्हते. ते साबणाच्या कारखान्यात भोंगा वाजवायचे. उभ्या जन्मात त्यांनी मारलेला एकमेव शत्रू म्हणजे भोंग्याच्या नळीत घर करून राहिलेला उंदीर, आणि तोही चुकून.

पाळी भरली की भोंगा, सुटली की भोंगा. एवढंच काम. पण दुपारी पाळी सुटताना बाबा एक जास्तीची गोष्ट करायचे. लांबलचक भोंगा संपला की दोरीला हळूच एक झटका द्यायचे. पुक्. ही शेपटी कारखान्याची नव्हती, आईची होती. अर्थ असा, की निघालो, जेवण गरम कर. अख्ख्या वस्तीच्या डोक्यावरून नवरा-बायको रोज एकमेकांशी बोलायचे आणि कुणाला पत्ताही नसायचा.

युद्ध सुरू झालं आणि लष्कराने भोंगा ताब्यात घेतला. म्हणजे भोंगा तोच, दोरी तीच, बाबाही तेच. फक्त खोलीला ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लागली. आता भोंगा वाजणार तो शत्रूचं विमान आलं तरच. टेकडीवरच्या चौकीतून फोन यायचा, मग बाबांनी दोरी ओढायची. पाळीसाठी फाटकाशी लोखंडाचा तुकडा टांगला होता, तो शिपाई बडवायचा.

त्या दुपारी पाळी सुटायची वेळ झाली. बाबांना सपाटून भूक लागली होती. फोनबिन काही आला नव्हता. पण हात आपणहून वर गेला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने दोरी ओढली. वर शेपटीही लावली.

वस्ती खंदकांकडे धावत सुटली. मीही पळालो. मी पॅकिंग खात्यात होतो, आणि तिथल्या खडखडाटात भोंगा ऐकू यायचा, शेपटी नाही. शेजारच्या काकू आईला न्यायला आल्या, तेव्हा आई चुलीपुढे होती.

“तुम्ही व्हा पुढे,” आई हसून म्हणाली. “आमच्या ह्यांचा हात चुकलाय. जेवायला येतायत.”

बाबा तिकडे कपाळाला हात लावून बसले होते. नोकरी गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि मग खरोखरच एक विमान आलं. वाट चुकलेलं असावं. चौकीला ते दिसलंच नव्हतं. त्याने एकच बॉम्ब टाकला, तो आमच्या गल्लीवर. गल्ली रिकामी होती. जवळजवळ रिकामी.

चौकीला विमान दिसलं नाही, ही बातमी लष्कराला परवडण्यासारखी नव्हती. त्यापेक्षा एका साध्या नागरिकाने ते नुसत्या डोळ्यांनी आधीच टिपलं, ही बातमी कितीतरी बरी. बाबांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा होता. पेपरात फोटो छापताना तो काढायला लावला.

एकच अडचण उरली. इशारा इतका वेळेवर झाला होता, तर ही एक बाई मेली कशी? उत्तर तयार होतं: निष्काळजीपणा. शाळेत मास्तर पोरांना सांगू लागले, “त्या बाईसारखं करायचं नाही.” खंदकाच्या रांगेत कुणी रेंगाळलं की मागून आवाज यायचा, “काय, भोंगेवालीण व्हायचंय का?”

पदकाबद्दल बाबा अवाक्षर बोलले नव्हते. ह्यावर मात्र पेटले.

“तिने बरोबर ऐकलं रे. अख्ख्या वस्तीत तिनेच एकटीने बरोबर ऐकलं. चुकलो मी.” त्यांना दुसरं काही नको होतं. कुणातरी अधिकाऱ्याने हे चारचौघांत म्हणावं, बस.

समारंभ कारखान्याच्या मैदानात झाला. पदक गणवेशावरच लावायचं असा नियम, आणि बाबांकडे गणवेश नव्हता. शेवटी लष्करी बँडमधल्या ढोलवाल्याचा कोट त्यांना चढवला. ढोलवाला संपूर्ण कार्यक्रमभर बनियनवर ढोलामागे लपून होता. मोठ्या साहेबांनी पदक लावलं आणि माइक बाबांच्या हातात दिला.

“साहेब, मला काही दिसलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “मला भूक लागली होती.”

लोक हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“चेष्टा नाही हो! ती शेपटी होती ना, पुक्, ती बायकोसाठी असायची. ती समजली म्हणून ती घरी थांबली.”

टाळ्या आणखी वाढल्या. काकू मागून ओरडल्या, “खरंय! माझ्यादेखत बोलली ती!” पण तेवढ्यात बँड सुरू झाला. ढोल जरा जास्तच जोरात होता. ढोलवाल्याला कोट परत हवा असणार.

साहेबांनी डोळे टिपले. “हा विनय बघा! आणि ह्यांनी आठवण करून दिली ते फार बरं झालं. तो शेवटचा ऐतिहासिक ‘पुक्’ आजपासून धोक्याच्या प्रत्येक भोंग्याला लावला जाईल.”

आणि तसंच झालं. बाबांना सन्मानाने सल्लागार केलं, म्हणजे घरी बसवलं. दोरीवर दुसरा माणूस आला. त्याला शेपटी काढायला बाबांनीच शिकवायचं, असा हुकूम होता. बाबांनी शिकवली.

पुढच्या महिन्यात एका दुपारी आम्ही नव्या खोलीत जेवत होतो. भोंगा झाला. लांबलचक, आणि मग पुक्. बाहेर धावपळ उडाली. मी ताटावरून उठलो.

“बाबा, चला.”

“कुठे?”

“भोंगा झाला ना!”

“मग?” बाबा म्हणाले. “जेवायलाच बसलोय की.”

मी खाली बसलो. बाबांनी मला वाढलं.

ती सरावाची फेरी निघाली. पदक मिळालेला माणूस भोंगा ऐकून जागचा हलत नाही, ही तक्रार थेट वर गेली आणि मोठे साहेब स्वतः पदक परत न्यायला आले. बाबांनी ते लगेच आणून दिलं.

“म्हणजे मी आता वीर नाही?”

“नाही.”

“मग आता तरी माझं खरं धरा. त्या दिवशी माझा हात चुकला होता. तिची चूक नव्हती.”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच विचार केला. “तेव्हा तुम्ही वीर होता, म्हणून तो विनय वाटला. आता तुम्ही भोंगा ऐकून न पळणारे. तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणतील, जशी बायको तसाच नवरा.”

बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “चालेल, साहेब. तेवढं तरी चारचौघांत म्हणा.”

साहेबांनी पदक खिशात टाकलं. त्यासाठी समारंभ लागतो, ते म्हणाले, आणि पदक परत घेण्याचा समारंभ नसतो.