कार्डपेटी आणि जानव्याची किल्ली

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहून कुणी "हे जुनं कपाट कसलं?" असे विचारले की मला भारी राग येतो. कपाट म्हणजे कपडे कोंबायची जागा. मी ग्रंथालयाची कार्डपेटी आहे! अस्सल ब्रह्मी सागाची, पितळी कड्यांच्या खणांची. कलकत्त्याच्या बहुबाजारात एका चिनी सुताराने मला घडवले. त्याने माझा एकेक खण ओढून पाहिला, लोटून पाहिला, आणि जराही कुरकुर ऐकू येईना तेव्हाच मान डोलावली. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

हातगाडीवर बसून, ट्रामच्या घंटा ऐकत मी भवानीपूरला आले. इथे मराठी मंडळींनी मुलींसाठी एक शाळा चालवली होती. शाळेचे ग्रंथालय म्हणजे काचेची दोन कपाटे आणि त्यांना कुलपे. किल्ली शाळा चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस श्यामराव यांच्या जानव्याला बांधलेली असे. श्यामराव गावाला गेले की ग्रंथालयही गावाला गेले म्हणून समजा. त्यांनी पुस्तके जिवापाड जपली, हे खोटे नाही. पण वाळवीखेरीज ती उघडून पाहिली कुणी?

देश स्वतंत्र होऊन काही वर्षे झाली होती. शाळांची घडी नव्याने बसवायला सरकारने आयोग नेमला, आणि त्याच्या अहवालात आम्हा ग्रंथालयवाल्यांचाही विचार झाला. प्रत्येक शाळेत प्रशिक्षण घेतलेला ग्रंथपाल हवा आणि मुलांना स्वतःच्या हाताने पुस्तक काढून घेता आले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. मुख्याध्यापिका मीनाक्षीबाईंनी ते मंडळाच्या बैठकीत खणखणीत आवाजात वाचून दाखवले. त्यामुळे नलिनी ग्रंथपाल म्हणून आली, आणि नलिनीने मला मागवले. सरकारी अहवालामुळे जन्माला आलेली पेटी आहे मी, थोडा तोरा मिरवणारच!

नलिनी कलकत्त्यातच वाढलेली, विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकलेली. रागावली की बंगालीत पुटपुटायची. तिने कपाटांची कुलपे काढायला लावली, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि प्रत्येक पुस्तकाची कार्डे लिहून माझ्या खणांत लावली. लेखकाचे नाव, विषय, क्रमांक, पाने आणि शेवटी पुस्तकाची उंची, तीही सेंटिमीटरमध्ये.

श्यामरावांनी ते पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. "पुस्तकाची उंची कशाला गं? लग्न जमवायचंय की काय त्याचं?"

"काका, तशी पद्धतच आहे."

"पद्धत! उघड्या फळीवरून पुस्तकं पळाली की कळेल पद्धत. हे बघ, शाळातपासनीस यायचे आहेत. त्यांच्यासमोर एखाद्या मुलीला मागितलेलं पुस्तक काढता आलं, तर तुझं खरं. नाही तर कपाटांना पुन्हा माझं कुलूप, आणि तू दुसरी नोकरी बघ."

नलिनीने मान डोलावली. त्या दिवशी तिचा हात माझ्या कडीवर किती तरी वेळ होता. मला ती फार आवडू लागली होती.

तपासणी सोमवारी ठरली. रविवारी नलिनी दमदमला आईकडे गेली, आणि इकडे श्यामरावांच्या पत्नी वृंदाकाकू मंडळातल्या बायकांना घेऊन शाळेत हजर झाल्या. पोरीची लाज राखायची म्हणून त्या मदतीला आल्या होत्या. सोबत खाकी कागदांचे ताव आणि पातेलंभर खळ. शाळा सुरू होताना मराठी घरात पुस्तकांना कव्हरे घालतात ना, तशी त्यांनी झाडून सगळ्या पुस्तकांना घातली, पाठीसकट! मग ती उंचीप्रमाणे लावली.

"कशी दिसतात बघा, कवायतीला उभ्या पोरींसारखी," काकू कौतुकाने म्हणाल्या. मी आतल्या आत किंचाळत होते, पण लाकडाचे कोण ऐकतो?

सोमवारी नलिनी आली आणि दारातच थबकली. सगळी पुस्तके खाकी, सगळी मुकी. क्रमांक नाही, नाव नाही. तिचे डोळे भरून आले. पण समोर काकू लाडवांचा डबा घेऊन हसतमुख उभ्या होत्या. "फार सुंदर झालंय हो काकू," ती म्हणाली, आणि बंगालीत काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात तपासनीस आलेच.

धोतर नेसलेले, शांत बंगाली गृहस्थ. त्यांनी खाकी रांगेकडे पाहिले, मग पुढच्या बाकावर बसलेल्या शकुन नावाच्या मुलीकडे. "मला नद्यांवरचं एखादं पुस्तक काढून दे बरं."

शकुन माझ्याकडे आली. विषयांचा खण तिने अलगद ओढला, बोटांनी कार्डे सरकवली, कार्ड सापडले. पण क्रमांकाचा उपयोग काय, क्रमांक तर कागदाखाली! श्यामरावांचा हात सदऱ्यात जानव्याकडे गेला.

शकुनने कार्ड शेवटपर्यंत वाचले. मग दप्तरातून फुटपट्टी काढली आणि तिची सेंटिमीटरची बाजू वर केली, जी इंचांनी मोजणाऱ्या शाळेत कुणी कधी वापरत नसे. रांगेला पट्टी लावत ती पुढे सरकली, थांबली, आणि तिथली सारख्या उंचीची पुस्तके एकेक उघडून पाहू लागली. पहिले व्याकरण निघाले, दुसरे पाककृतींचे. तिसऱ्याच्या पहिल्याच पानावर गंगेचा नकाशा होता.

"हे घ्या, सर."

तपासनीस खळखळून हसले. "कार्डात उंची का लिहितात, हे मला आज पटलं. हिला शिकवलं कुणी?"

"आमच्या नलिनीताईंनी," शकुन म्हणाली.

"आणि उंचीप्रमाणे लावली कुणी?" वृंदाकाकू ठसक्यात म्हणाल्या. "म्हणून तर सापडलं!" नलिनीने जाऊन त्यांना मिठीच मारली. पुढे काकूंनीच मुलींबरोबर बसून प्रत्येक कव्हराच्या पाठीवर ठळक क्रमांक घातले.

मित्रांनो, माझ्या कड्या आता काळवंडल्या आहेत. तुम्ही घाईने खण ओढता, कार्ड भलत्याच जागी खोचता, तेव्हा मला दुखते. चुकीच्या जागी गेलेले कार्ड म्हणजे हरवलेले पुस्तकच. तेवढे जपा. पुस्तकांना कव्हरे घाला, पण त्यांची नावे झाकू नका.

आणि माझा सगळ्यात खालचा खण कधी उघडलात, तर आत एक गंजलेली किल्ली दिसेल. त्या सोमवारी सगळे गेल्यावर श्यामराव माझ्यापाशी आले. जानव्याची गाठ त्यांना लवकर सुटेना. सुटली तेव्हा त्यांनी किल्ली आत ठेवली, खण हलकेच लोटला आणि म्हणाले, "सांभाळ गं बाई."

मी सांभाळते आहे. अजून कुणी ती मागितलेली नाही.