चार वर्षं निरंक

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तरणी दोनच, अन् मुख्याध्यापिका मी. दर जुलैत मोबाइलवर तालुक्याच्या ऑफिसातून निरोप येते: शाळेतल्या दिव्यांग मुलांची यादी आज चार वाजेपर्यंत पाठवा. एक नाव लिहिलं की चार फॉर्म, फोटो, अमरावतीच्या दवाखान्याचं सर्टिफिकेट, मंग दर महिन्याले अहवाल. कोणाच्या बापाले वेळ आहे? 'निरंक' लिहायचं, म्हणजे एकही नाही, अन् मोकळं व्हायचं.

प्रणाली पहिलीपासून शेवटच्या रांगेत बसे. हाक मारली तर पाहत नसे, शुद्धलेखनात अर्धे शब्द गाळे, बोलणंही बोबडं. मले वाटे, पोट्टी लय घमंडी आहे. दुसरीत असताना तिचा बाप जानराव शाळेच्या दारात आला अन् पोरीले कमी ऐकू येते का, असं दबकत विचारलं. नेमका त्याच दिवशी यादीचा निरोप आला होता. मी चिडूनच म्हटलं, कान ठणठणीत आहेत तिचे, सारं मुद्दाम करते, तुमीच लाडावून ठेवली. तो आल्या पावली परत गेला. गावात मास्तरणीचा शब्द कोणी खाली पडू देत नाही, अन् मले त्याचा तोरा होता.

यंदा तालुक्याहून स्वप्निल आला. दिव्यांग लेकरांसाठी शाळा-शाळांत फिरणारा विशेष शिक्षक तो. चार वर्षांत या शाळेत एकही नाव कसं नाही, हे त्याले खटकलं होतं. चौथीच्या वर्गात प्रणालीच्या मागं उभं राहून त्यानं ताट वाजवलं. सगळी पोरं वळली. ती चित्रात रंग भरत राहिली.

अवो बाप्पा, काय सांगू, जानरावले काय म्हटलं होतं ते आठवलं. कानाच्या मशीनचं शिबिर लागणार होतं, पण ते यादीवर चालते, अन् यंदाही मी निरंक कळवलं होतं. स्वप्निलनं तीन ठिकाणी फोन लावले. पुढच्या वर्षी पाहू, असंच तिन्हीकडून उत्तर आलं.

मंग मीच बापलेकीले एसटीनं अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीन लागेल, पण सहाव्या वर्षी आणली असती तर बोलणं साफ झालं असतं. आता किती सुधारेल ते सांगता येत नाही.

बाहेर बाकावर बसून मी जानरावले सगळं सांगून टाकलं, माझा आळस अन् खोटी यादी, काही ठेवलं नाही. माफी मागितली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं हातातल्या रिपोर्टाची घडी करून खिशात ठेवली.

"तुमाले काय म्हणू, मॅडम," तो हळूच म्हणाला. "मारलं त मीच तिले. मुद्दाम करते म्हणलं ना तुमी, म्हून दोन वर्ष मारत राहिलो. काहून मारून राहिलो, हे तिले कधी समजलंच नसन."

प्रणाली आमच्या दोघांच्या मधात बसून बिस्किटं खात होती. तिनं एक माझ्यापुढं धरलं. मले ते घ्यायची हिंमत झाली नाही.