हवा संपल्याची खूण

बोटीवरच्या सगळ्यांसाठी तो भावोजी होता. खरा भावोजी तो फक्त एकाचा, सोबत पाण्यात उतरणाऱ्या मेहुण्याचा. पण मेहुणा दिवसभर भावोजी-भावोजी करायचा आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. दोघे पाणबुडे. धरणाच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात, त्यांत अडकलेला कचरा काढायचा, हे त्यांचं काम. खाली बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांवर. अंगठा वर म्हणजे वर चल. आडवा हात गळ्यावरून फिरवला म्हणजे माझी हवा संपली, तुझी दे. ही खूण दिसली की विचार करायचा नसतो, आपली जादा नळी पुढे करायची असते.

ही खूण घरी आणली ती भावोजीनेच. सासरे आणि मेहुणा त्याच्याकडेच राहत. सासऱ्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, आणि त्यांच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती, इस्पितळात अडकलेल्या लिफ्टची. ती जेवताना निघायचीच. "त्या दिवशी वीज गेली," एवढं झालं की भावोजी ताटावरून मान वर न करता गळ्यावरून हात फिरवायचा. मेहुण्याला ठसका लागायचा. बायको आधी डोळे वटारायची आणि मग तीही हसू दाबायची. ती लिफ्ट पहिल्या मजल्याच्या वर कधी गेलीच नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण चेष्टा कुठे थांबवावी हे या गृहस्थाला कधी कळलं नाही. कामाचा कंटाळा आला की तो पाण्याखालीही तीच खूण करू लागला. पहिल्यांदा मेहुणा घाबराघुबरा होऊन नळी घेऊन धावला, तर भावोजीने सासऱ्यांसारखा मिशीला पीळ देऊन दाखवला. त्या दिवशी मेहुणा भयंकर चिडला होता. पुढे तोही सरावला. खूण दिसली की मिशीला पीळ द्यायचा, विषय संपला.

आज सकाळी खूण केली ती मेहुण्याने.

पाणी गढूळ होतं, पण बॅटरीच्या उजेडात हात स्वच्छ दिसला. भावोजीने मिशीला पीळ दिला आणि जाळीकडे वळला. त्याला हसूही आलं होतं. पाठीमागून त्याची जादा नळी हिसकावली गेली तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. काचेआडचे मेहुण्याचे डोळे चेष्टेतले नव्हते.

एकाच टाकीवर, एकमेकांच्या पट्ट्यांना धरून दोघे हळूहळू वर आले. काय झालं म्हणून बोटीवरच्या मुकादमाने विचारलं. मेहुणा खोकत होता, तरी तोच आधी बोलला. हवेच्या मीटरचा काटा अडकला होता आणि खूण करायला आपल्यालाच उशीर झाला, असं त्याने सांगून टाकलं. मुकादमाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ते सगळं बोलणं खरं तर भावोजीच्या वाट्याचं होतं, आणि भावोजी खाली मान घालून टाकीचे पट्टे सोडवत राहिला. हसल्याची लाज वाटत होतीच, गप्प बसल्याची त्याहून जास्त वाटली.

परतताना गाडीत मेहुणा खिडकीबाहेर बघत होता. "उद्या मुकादमाकडे दुसरा जोडीदार मागतो," तो म्हणाला. "घरी काही सांगणार नाही, भावोजी. काळजी करू नका."

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. "त्या दिवशी वीज गेली," सासरे म्हणाले आणि सवयीने थांबले. भावोजीचे दोन्ही हात ताटाशीच होते.

"का हो जावईबापू, आज माझा गळा नाही कापत?"

म्हातारा इतके दिवस सगळं बघत होता, आणि तरी रोज गोष्टीला सुरुवात करत होता. भावोजीला कुठे तोंड लपवावं असं झालं.

"गळा कापायची खूण नाही ती, बाबा," तो म्हणाला. "माझी हवा संपली, तुझी दे, असा अर्थ आहे तिचा. आज ह्याने ती खरी केली आणि मी हसलो. वर आल्यावर बोलणीही ह्यालाच खाऊ दिली."

बायकोच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या नजरेला नजर देणं भावोजीला जमलं नाही. शेवटी मेहुणाच म्हणाला, "बाबा, लिफ्टचं पुढे सांगा."

सासऱ्यांनी सांगितलं. वीज गेली तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये एक माणूस एकटाच अडकला होता. दार उघडेना. आतला आवाज नीट बाहेर येईना, म्हणून तो दारावर ठोकायचा.

"त्याला लवकर काढता आलं नाही मला," सासरे म्हणाले. "पण त्याने ठोकलं की हातातलं काम टाकून मीही ठोकायचो. एकदाही चुकवलं नाही."

इतक्या वर्षांत ती गोष्ट भावोजीने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.

सासरे हात धुवायला उठले, बायको भांडी घेऊन आत गेली. भावोजी हात वाळवत तसाच बसून राहिला. समोर मेहुणाही उठला नव्हता. त्याने बोटाने टेबलावर एकदा ठोकलं. चेहरा कोरा होता. ही चेष्टा, टोमणा की आणखी काही, भावोजीला कळेना. विचार करायचा नसतो, हे त्याला जरा उशिराच आठवलं. मग त्यानेही ठोकलं.