आधी हाक

माझे बाबा आयुष्यभर कारखान्यात लोखंडी पत्रे कापायच्या प्रेसवर उभे राहिले आणि तिथल्या खडखडाटात कान गमावून घरी बसले. मी कानात घालायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत संशोधक आहे. यावर नातेवाईक हटकून म्हणतात, "वा, घरच्या घरीच सोय!" असं कोणी म्हटलं की मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो. कारण आमच्या कुठल्याच यंत्राने बाबांची सोय झाली नव्हती.

अडचण सांगायला सोपी आहे. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर कुठलंही यंत्र चालतं. पण जेवायच्या टेबलाभोवती सगळे एकदम बोलायला लागले, ताटं-चमचे वाजायला लागले, की यंत्र सरसकट सगळंच मोठं करतं. चमचा कोण आणि वहिनी कोण, हे त्याला कळत नाही. "डोक्यात पुन्हा प्रेस सुरू होते," असं म्हणून बाबा यंत्र काढून खिशात टाकायचे आणि ताट उचलून मागच्या खोलीत जायचे. हळूहळू ते टेबलाशी यायचेच बंद झाले. माणूस घरात असून घरातून चालला होता आणि ते मला बघवत नव्हतं.

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक रबरी डोकं आहे. त्याच्या दोन्ही कानांत माइक बसवलेत. सगळे त्याला 'मामा' म्हणतात. भिंतींना फोम लावलेल्या खोलीत मामाला मधोमध बसवायचं, चारी बाजूंच्या स्पीकरांतून भांड्यांचा गोंगाट सोडायचा आणि त्यात एका माणसाचं बोलणं मामाला कितपत कळतं ते मोजायचं. गोंगाट ओळखून कापायचा, एवढंच मी वर्षानुवर्षं करत आले. मामाला सगळं कळायचं. बाबांना काही कळायचं नाही. मामाला लाथ घालावी असं किती वेळा मनात आलं म्हणून सांगू!

त्या रविवारी मी नवं यंत्र घेऊन घरी गेले. बाबांना हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं, यंत्र कानात घातलं. दादा आणि वहिनी कपाटाच्या रंगावरून भांडत होते, स्वयंपाकघरात आईचा मिक्सर घरघरत होता. दोन घास होतात न होतात तोच बाबांनी यंत्र काढलं, खिशात टाकलं आणि ते ताट घेऊन चालू लागले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला ऐकायचंच नाहीये मुळी!" मी त्यांच्या पाठीवर ओरडले. पाठीला काय ऐकू येणार?

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून, मिक्सर चालूच ठेवून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो... गोळी घेतलीत का?"

"घेतली," मागच्या खोलीतून उत्तर आलं.

मी उडालेच. यंत्र खिशात, मधे भिंत, वर मिक्सर! तरातरा आत गेले आणि म्हणाले, "म्हणजे ऐकू येतं तुम्हाला! आम्हालाच बनवता होय?"

बाबांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला वेठीला धरलं. म्हटलं, आता तेच वाक्य 'अहो' न लावता म्हण.

"इश्श! त्यांना असं एकदम कसं बोलायचं? माणूस आहे की भिंत?"

"म्हण गं आई, एकदाच."

आईने नाइलाजाने म्हटलं. मागून हूं की चूं नाही. मग 'अहो' लावून म्हटलं, तर उत्तर हजर. आवाज तोच, मिक्सर तोच. मी दारात उभी राहून बाबांवर नजर ठेवली. 'अहो' ऐकलं की त्यांचं चावणं थांबायचं, मान किंचित उजवीकडे वळायची. आईही 'अहो'नंतर जराशी थांबायची. तेवढ्या वेळात बाबांचा अख्खा जीव त्या एका आवाजाकडे लागलेला असायचा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. जगभरचे शोधनिबंध वाचून डोळे फोडून घेतले, आणि उत्तर माझ्या जन्माच्याही आधीपासून रोज स्वयंपाकघरातून ओरडत होतं! गोंगाट कापायचा नव्हताच. यंत्राने गप्प बसून हाकेची वाट बघायची, हाक आली की मारणाऱ्याचा आवाज पकडायचा आणि तेवढाच कानापर्यंत पोचवायचा.

तसं यंत्र आम्ही केलं. त्यात नाकी नऊ आले, पण ते चाललं. अगदी अनोळखी लोकांच्या गजबजाटातही चाललं. साहेब खूश झाले आणि यंत्र जाहीर करायच्या भाषणाची तयारी करताना म्हणाले, "कल्पना कशावरून सुचली, तिथे घुबड घालू या. घुबड अंधारात नेमका एकच आवाज टिपतं ना, तसं काहीतरी."

"घुबड नव्हतं, साहेब. माझी आई होती."

"हो, पण लोकांना घुबड आवडतं."

मी चडफडत बाहेर पडले. भाषणात माझ्या आईच्या जागी घुबड बसलं ते बसलंच.

जाऊ दे, म्हटलं. बाबा टेबलाशी आले म्हणजे झालं. पुढच्या रविवारी यंत्र घेऊन गेले. 'अहो', 'बाबा', 'आजोबा', सगळ्या हाका त्याला शिकवलेल्या. आई मावशीच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे गेली होती. 'टेबलाशी चला' असं बाबांना लिहून दाखवलं, तसे ते मुकाट्याने येऊन बसले. मी यंत्र कानात घातलं.

जेवण सुरू झालं. "त्यांना वाढ गं थोडं," दादा वहिनीला म्हणाला. "तिखट चालेल का त्यांना?" वहिनीने मला विचारलं. "चालतं, पण पाणी ठेव जवळ," मी म्हटलं. बाबा ताठ बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. हाक पकडली की लागणारा यंत्रावरचा दिवा काही लागेना.

माझा धीर सुटला. उठले, त्यांच्या कानातून यंत्र काढलं, बॅटरी पाहिली, बटण पाहिलं, पुन्हा घातलं. "प्रयोगशाळेत ठणठणीत होतं," मी त्यांच्या डोक्यावरून दादाला म्हणाले. "इथे आलं की नाटकं! आता मी हात टेकले."

बाबांनी माझं मनगट धरलं. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं.

"चांगलं आहे गं यंत्र," ते म्हणाले. "मला कोणी हाकच मारली नाही."

दादाचा हात ताटातच राहिला. लाजेने माझे कान तापले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बाबा," मी म्हटलं आणि थांबले.

दिवा लागला. बाबांनी मान किंचित उजवीकडे वळवली. "काय गं?"

इतकी वर्षं मी त्यांच्या कानांचाच विचार करत आले होते. त्यांना सांगायचं असं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"बोल ना," बाबा म्हणाले. "येतंय ऐकू."